नऊ नंबरची कात

दोष गुणाजी घाडीचा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे म्हातारा केविलवाणा दिसायला लागतो, डोळे पुसतो, आणि ऐकणारे सगळे हळूच त्याच्या बाजूला सरकतात. सरकू नका. त्याला सगळं माहीत होतं. चाळीस वर्षांहून जास्त माहीत होतं. आणि तरी त्याने आपल्या नातवाला, स्वप्नीलला, स्वतः फॉर्म भरून तिथे पाठवलं.

तिथे म्हणजे चिमणीवनात. लालबागच्या मागची ती गिरणी संपानंतर उघडलीच नाही. तिच्या आवारात कोणी झाडं लावली नव्हती, ती आपली आली. पाखरांनी वड-पिंपळ टाकले, भिंती फोडून उंबर निघाले, करंज आणि शिरीष माजले. तीस-पस्तीस वर्षांत मधोमध गिरणीची चिमणी आणि भोवती रान उभं राहिलं. रानात धामणी आल्या, नाग आले, घोरपडी आल्या. टॉवरवाल्यांनी अर्धं आवार नेलं. उरलेल्या अर्ध्यात एका ट्रस्टने सरीसृप केंद्र काढलं. वस्तीतून सोडवलेले साप, कासवं, घोरपडी आणायच्या, बऱ्या करायच्या, काही दिवस लोकांना काचेतून दाखवायच्या आणि वनखात्यामार्फत परत जंगलात सोडायच्या. रविवारी शाळकरी मुलांची नि त्यांच्या आयांची नुसती झुंबड.

ट्रस्टने चार नोकऱ्या त्या गिरणीच्या कामगारांच्या वारसांसाठी राखून ठेवल्या होत्या. गुणाजीने ही बातमी पेपरात वाचली आणि त्याच दिवशी जाऊन फॉर्म आणला. ‘वारसाचे नाव’ या ओळीवर त्याने वळणदार अक्षरात लिहिलं : स्वप्नील. लिहिताना क्षणभर थांबला होता म्हणे. थांबला, आणि लिहिलं.

स्वप्नीलला तेव्हा बाविसावं होतं आणि चिंचपोकळीच्या त्यांच्या चाळीत प्रत्येकाकडे त्याच्यासाठी एक सल्ला तयार होता. त्याने बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं. सरपटणारे प्राणी हा धडा शिकवणारे सर पिवळ्या पडलेल्या नोट्समधून वाचून दाखवायचे. स्वप्नीलने एकदा विचारलं, सर, तुम्ही कधी साप हातात घेतलाय का? सरांनी त्याला वर्गाबाहेर काढलं. तो बाहेर गेला तो परत गेलाच नाही. माफी माग, असं घरात सगळ्यांनी सांगितलं. प्रश्न बरोबर होता का, हे एकानेही विचारलं नाही.

पण हात होता त्याला. चौदा वर्षांचा असताना चाळीच्या मोरीत धामण शिरली तेव्हा बायका किंचाळत होत्या, पुरुष काठ्या शोधत होते, आणि या पोराने खाली बसून तिच्यासमोर उजवा तळवा उघडा ठेवला. ती हातावरून दंडावर चढली आणि तिथेच थांबली. हे शिकवून येत नाही. चिमणीवनाच्या प्रमुख मृणालिनी मॅडम, दादरच्या, साप या विषयात डॉक्टरेट केलेल्या, कधी कुणाची उगाच स्तुती न करणाऱ्या. त्यासुद्धा पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या की या मुलाच्या हाताला जनावर घाबरत नाही. स्वप्नीलला आयुष्यात मिळालेलं ते पहिलं प्रशस्तिपत्रक.

नोकरी कच्ची होती. वर्षभर काम बघायचं आणि नागपंचमीच्या कार्यक्रमात पक्कं करायचं, असं ठरलेलं. त्या दिवशी ट्रस्टचे लोक येणार, ‘सापाला दूध पाजू नका’ यावर मॅडमचं भाषण होणार आणि शेवटी स्वप्नीलला सर्पपालाचं पत्र मिळणार. त्या पत्रासाठी तो जगत होता म्हटलं तरी चालेल. बोलणाऱ्या सगळ्यांच्या तोंडावर फेकायला त्याला एकच कागद हवा होता.

नागपंचमीच्या चार दिवस आधी, सोमवारी, नऊ नंबरमध्ये कात सापडली.

नऊ नंबर रात्रदालनात होता. रात्री फिरणारी जनावरं दिवसा बघता यावीत म्हणून केंद्रात एक दालन कायम अंधारं ठेवलेलं असतं. आत मंद तांबडे दिवे, दोन्ही बाजूंना काचेचे कप्पे, खाली लाकडाचा भुसा. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत पाऊल टाकलं की डोळ्यांपुढे काहीच नसतं, मग हळूहळू मण्यारीचे पांढरे पट्टे तेवढे तरंगायला लागतात. दालन गिरणीच्या जुन्या भिंतीला टेकवून बांधलेलं. नऊ नंबर सगळ्यात शेवटचा, आणि पंधरा दिवसांपासून रिकामा. तिथली घोणस जंगलात सोडली होती.

रिकाम्या कप्प्यात कात.

स्वप्नीलने ती चिमट्याने उचलली आणि त्याच्या मानेपासून कमरेपर्यंत शिरशिरी गेली. भीतीची नव्हे. कात वाचणं हे त्याचं काम होतं. धामणीच्या कातीवर मधोमध खवल्यांच्या सतरा ओळी, घोणशीच्या सत्तावीसच्या पुढे. पोटाखाली रुंद पट्ट्या, डोळ्यांवर दोन गोल काचा. कात मोज आणि जनावर ओळख. या कातीवर ओळी नव्हत्या. पोटपट्ट्या नव्हत्या, डोळ्यांच्या काचा नव्हत्या. हातभर लांबीची, मनगटाएवढी जाड, पातळ पिवळसर कात, आणि तिच्यावर बारीक, वळत जाणाऱ्या रेषाच रेषा. एकात एक गुंतलेल्या.

त्याने ती तिकीट खिडकीवरच्या प्राचीला दाखवली. ती त्याच्याच वयाची, वारसांच्या कोट्यातलीच, आणि साप सोडून जगातल्या कशालाही न भिणारी.

“मॅडमला दाखव आत्ताच्या आत्ता,” ती म्हणाली.

“दाखवेन. आधी जनावर पकडतो.”

“कशाला शाणपणा?”

“अगं, ही कशातच बसत नाही. नवीन जात असली तर? मुंबईच्या मधोमध, गिरणीत. पेपरात नाव येईल माझं. कॉलेज सोडलेल्याचं.”

प्राचीने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे इतके चमकत होते की तिने पुढे वाद घातला नाही. जेवणाच्या सुट्टीत तो जेवला नाही.

आता कातीची एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. साप कात टाकतो तेव्हा ती ओठांपासून उलटत जाते, पायमोजा काढावा तशी. जनावर पुढे सरकतं, कात उलटी होत मागे सुटते, आणि सगळ्यात शेवटी शेपटीचं टोक सुटतं. म्हणून पडलेल्या कातीच्या शेपटीचं टोक ज्या दिशेला, त्या दिशेला जनावर गेलं. स्वप्नील हे दर रविवारी मुलांना शिकवायचा. सोमवारच्या कातीचं टोक काचेकडे होतं. म्हणजे ते मागच्या भिंतीतून आलं होतं, आणि बाहेरच्या दिशेला निघालं होतं.

मंगळवारी दुसरी कात मिळाली. कप्प्याला कुलूप, काच शाबूत, आणि कात बाहेर, दालनाच्या बोळात. टोक स्टाफरूमकडे.

बुधवारी तिसरी. स्टाफरूममध्ये, कपाटांच्या रांगेसमोर. टोक स्वप्नीलच्या कपाटाकडे.

इतर कुणी असता तर थांबला असता. स्वप्नीलला वाटलं, जनावर आपल्याकडे येतंय. त्याला एवढं बरं वाटलं, की आपल्याकडे आपणहून कोणी यावं, यात काही विचित्र आहे हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. त्या संध्याकाळी त्याने भिंग घेऊन कात नीट पाहिली. वळणाऱ्या रेषा, मध्ये भोवरा, भोवऱ्याशेजारी पुन्हा भोवरा. कुठेतरी पाहिलंय हे, असं त्याला सारखं वाटत राहिलं. गेटवरच्या हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवून तो बाहेर पडला. यंत्राच्या काचेवर अंगठ्याचा ओलसर ठसा राहिला होता. त्याने तो पाहिलाही. पण मन दुसरीकडे होतं.

कातीचा तुकडा त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी नेला. गुणाजी दिवा लावून, टीव्ही बघत चहा पीत होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा, पण हात बघावेत तर तरुण माणसासारखे. दहाही बोटं सरळ, नखं स्वच्छ. गिरणीतल्या त्याच्या पिढीत हे फार कमी जणांना जमलं होतं. शेजारच्या चिंतामणीकाकांना उजव्या हाताला दोनच बोटं. रुई पिंजायच्या मशीनने नेली. त्या खात्यात बोटं जायचीच, असं सगळे सहज सांगत, पाऊस पडायचाच असं सांगावं तसं.

स्वप्नीलने पिशवी त्याच्यासमोर धरली. “आजोबा, बघ. तुझ्या गिरणीत काय मिळालंय मला.”

गुणाजीने पाहिलं. कप बशीत ठेवला. मग उजवा हात त्याने हळूच शर्टाच्या आत, काखेत धरला. थंडी वाजल्यासारखा.

“खय गावली तुका ही?”

“रात्रदालनात. नऊ नंबरला.”

“त्या भिंतीक लागान?”

“हो. मागे काय आहे तिथे?”

म्हातारा टीव्हीकडे वळला. मग म्हणाला, “उद्या... परवा जाव नको, झिला. नागपंचमी आसा.”

“परवाच तर पत्र मिळणार आहे मला. का नको जाऊ?”

“नको म्हटलंय ना.”

बस. एवढंच. या घरात नेहमी एवढंच असायचं. का, हे विचारायचं नाही. का, हे सांगायला मोठ्यांना बांधलेलं नसतं. स्वप्नील आवाज चढवून म्हणाला की तुम्हा लोकांना आयुष्यभर नको म्हणण्यापलीकडे दुसरं काही आलंच नाही. संप करा म्हटलं तर केलात, गिरणी गेली तर गेली, आणि आता माझ्या वाट्याला एक गोष्ट आलीय तर तिच्यावरही नको. मग, त्याला थोपवायला म्हणून का होईना, एक अर्धी गोष्ट गुणाजीने सांगितली. अर्धी. हाच त्याचा दुसरा गुन्हा.

त्या भिंतीमागे त्यांचं पिंजाईचं खातं होतं. खात्याच्या कोपऱ्यात फरशी फोडून एक वारूळ आलं होतं. मालकाने दोनदा पाडलं, दोनदा परत आलं. मग कोकणातल्या माणसांनी ओळखलं की हा या जागेचा राखणदार, त्याला नारळ द्यायला लागले, नागपंचमीला दुपारी बाराच्या भोंग्याला त्याच्यासमोर गाऱ्हाणं घालायला लागले. आणि खात्यातला प्रत्येक जण वारुळाच्या ओल्या मातीवर उजव्या हाताचा ठसा उठवायचा. हात तुझ्या पदरात, मशीनच्या तोंडात नको, असं मागून. “तेच्या नादाक लागा नको,” गुणाजी म्हणाला, आणि उठून गॅलरीत गेला.

स्वप्नीलला यातलं एकच ऐकू आलं. वारूळ. म्हणजे जनावराचं बीळ भिंतीमागेच. नागपंचमीपर्यंतच्या दोन्ही रात्री त्याला झोप आली नाही, लहानपणी सहलीच्या आदल्या रात्री यायची नाही तशी.

नागपंचमीला पाऊस नव्हता. वर ढग, खाली उकाडा, पान हलत नव्हतं. साडेअकरापासून पुढच्या मंडपात गर्दी जमली. बायका दुधाच्या वाट्या घेऊन आल्या होत्या आणि मॅडम एकेकीला हात जोडून वाट्या बाजूला ठेवायला सांगत होत्या. कार्यक्रमासाठी रात्रदालन बंद केलं होतं. स्वप्नीलने नऊ नंबरची किल्ली घेतली, विजेरी घेतली, साप उचलायची काठी घेतली आणि कोणाला न सांगता आत शिरला.

आत आज निराळा वास होता. भुशाचा नाही. ओल्या मातीचा, आणि त्याखाली तेलाचा, रुईचा. कप्प्यातली जनावरं सगळी पुढच्या काचेला चिकटून बसली होती. मण्यार, फुरसं, मांडूळ, सगळी. मागच्या भिंतीपासून जितकं लांब जाता येईल तितकी लांब. स्वप्नीलने हे पाहिलं आणि त्याचं काळीज आनंदाने उडायला लागलं. मोठं आहे. नक्कीच मोठं आहे.

नऊ नंबरच्या मागच्या भिंतीत गिरणीच्या काळची एक लोखंडी झडप होती, गंजून बसलेली. आज ती बोटभर उघडी होती. त्याने खांद्याने रेटली आणि वाकून पलीकडे गेला.

पलीकडे खोली नव्हती. म्हणजे खोली होती, पण तिच्यात वारूळच होतं. जमिनीपासून छतापर्यंत, तांबडं, ओलं, भिंतींना भिडलेलं. वरून एका फुटक्या काचेतून जरा उजेड येत होता. विजेरी फिरवली तसे ठसे दिसायला लागले. हातांचे. शेकडो. सगळे उजवे. एकावर एक, एकाशेजारी एक, लहान-मोठे, पाच-पाच बोटांचे. चाळीस वर्षांत माती वाळून उडून जायला हवी होती. ठसे आत्ताच उठवल्यासारखे ओले होते.

त्याच्या खांद्याच्या उंचीवर, ठशांच्या मधोमध, तळव्याएवढी जागा मोकळी होती. तिथे ठसा नव्हता, भोक होतं. आणि भोकातून कातीचं टोक बाहेर लोंबत होतं.

बाहेरून मॅडमचा माईकवरचा आवाज येत होता, लांबून, पाण्याखालून आल्यासारखा. कुठेतरी मशीन सुरू असल्याची घरघर होती. स्वप्नीलला वाटलं जनरेटर असेल.

कात हलली. आत ओढली जायला लागली.

बिळात हात घालायचा नाही, हे त्यानेच दर रविवारी पोरांना घोकून घेतलं होतं. पण ती चालली होती. त्याचं नाव, त्याचा पेपर, सगळं बोटभर बोटभर आत चाललं होतं. त्याने काठी टाकली आणि उजवा हात कोपरापर्यंत आत घातला.

आतून कुणीतरी त्याचा हात हातात घेतला.

हलकेच. तळव्याला तळवा लावून, ओळखीच्या माणसाने घ्यावा तसा. गरम होता तो हात. त्याच्या तळव्यावर घट्टे होते, कामाचे. स्वप्नीलने ओढलं. पकड घट्ट झाली नाही, सैलही झाली नाही. तो ओरडला नाही, कारण ओरडायला आधी काय झालंय ते कळावं लागतं.

तेवढ्यात बाराचा भोंगा झाला. गिरणीचा. जो संपानंतर कधी वाजला नव्हता, आणि स्वप्नीलने जन्मात ऐकला नव्हता. तरी त्याने तो ओळखला.

झडपेतून प्रकाशाचा पट्टा आत आला. प्राची होती, मोबाईलची विजेरी धरून, आणि तिच्या पुढे, गुडघ्यांवर रांगत, एका हातात नारळ घेतलेला गुणाजी. तो पावणेबाराला तिकीट खिडकीवर येऊन नऊ नंबर कुठे म्हणून विचारायला लागला, त्याचा चेहरा पाहून तिने खिडकीच बंद केली आणि त्याला घेऊन आली, हे तिने नंतर सांगितलं.

“आजोबा,” स्वप्नील कुजबुजला, “कोणीतरी... माझा हात...”

गुणाजी उठून उभा राहिला. नारळ वारुळाच्या पायाशी ठेवला. हात जोडले. आणि त्याने गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाण्याची रीत अशी, की एकाने सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. इथे जमलेलं कोणी नव्हतं.

“बा देवा म्हाराजा, ह्या जागेच्या राखणदारा... एक्याऐंशी सालात मशिनीन माझो हात धरलो, तेव्हा तू सोडवलंस म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा.”

स्वप्नीलला वाटलं प्राची म्हणाली. त्याने मान वळवली. प्राचीने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता. आवाज वारुळातून आला होता. एकाचा नव्हता. गिरणीची एक अख्खी पाळी भरून उभी राहावी एवढ्या माणसांचा, दबका, एका सुरात.

गुणाजीचा आवाज फाटला, पण तो थांबला नाही. “तेच्या बदली... माझ्या वंशातलो जो कोण पयलो हय कामाक लागात, तेचो हात तुका देतंय, असा मी बोललंय म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा.”

आत्ता स्वप्नीलला सगळं कळलं. अंगठ्याच्या रेषा, कातीवरच्या रेषा, फॉर्मवरची ती ओळ. आणि घाबरायच्या आधी त्याला राग आला. गिरणी बंद झाली तेव्हा हा माणूस मनातल्या मनात हसला असणार. आता इथे कामाला कोण लागतंय. सुटलो. आणि मग नोकरी दिसली. गिरणी कुठे आहे आता, हे तर सापांचं घर, आता कसला राखणदार आणि कसला बोल, असं स्वतःला समजावून त्याने वळणदार अक्षरात नातवाचं नाव लिहिलं. खात्री नव्हती म्हणून क्षणभर थांबला. आणि लिहिलं.

“चुकला माझा म्हाराजा,” गुणाजी रडत होता. त्याने आपला उजवा हात पुढे केला. “तेचो घेव नको. माझो घे. म्हातारो झालंय, पण हात तोच आसा म्हाराजा...”

या वेळी ‘व्हय म्हाराजा’ आलं नाही.

पाणी ठिबकत होतं. घरघर थांबली होती. गुणाजीने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. वारूळ गप्प.

मग आतल्या हाताचा अंगठा हलला. तो स्वप्नीलच्या अंगठ्याच्या पेरावरून फिरला, मग पहिल्या बोटावरून, मग मधल्या. पाचही बोटांवरून एकेकदा, सावकाश, काच पुसावी तसा. शेवटी तळव्यावरून. आणि सोडून दिलं.

स्वप्नील मागे पडला. हात बाहेर आला होता. त्याने तो विजेरीच्या उजेडात धरला. पाच बोटं. रक्त नाही, खरचटलेलं नाही. तो हसायला लागला. मोठमोठ्याने, थांबेचना. प्राची त्याला धरून ओढत होती आणि तो हसत सांगत होता की काही झालं नाही, बघ, काही नाही, पाच आहेत. गुणाजीने तो हात दोन्ही हातांत घेऊन बोटं चाचपली, आणि त्याच्या चेहऱ्यावर आलेली सुटका स्वप्नील कधी विसरणार नाही.

मंडपात त्याचं नाव पुकारत होते. चिखलाच्या कपड्यांनिशी तो पळत स्टेजवर चढला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, साप पकडून आला असेल असं त्यांना वाटलं. मृणालिनी मॅडमनी हसून पत्र पुढे केलं. सही इथे, अंगठा इथे. त्याने शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि कागदावर टेकवला.

कागदावर एक काळा लंबगोल उठला. सपाट. आत एकही रेष नाही.

मॅडमना वाटलं शाई जास्त झाली. पुन्हा उठवला. पुन्हा तसाच. त्याने तळवा वर केला. तळवा अंड्यासारखा गुळगुळीत होता. आयुष्याची रेषा नाही, कसलीच नाही.

आठवडाभर केंद्रातले सगळे काहीतरी मार्ग काढत राहिले. त्वचेच्या डॉक्टरने मलम दिलं. हजेरीचं यंत्र म्हणायचं, पुन्हा प्रयत्न करा. हे एकवेळ चाललं असतं. पण केंद्रातल्या धामणीने त्याचा हात ओळखला नाही. डाव्या हाताकडे ती यायची. उजवा पुढे केला की मागे सरकत कप्प्याच्या कोपऱ्यात जायची आणि तोंड भिंतीत खुपसायची. मांडुळासारखं गरीब जनावरही तसंच. सगळीच जनावरं त्या हातापासून लांब पळत होती. मॅडम दोन दिवस हे पाहत होत्या.

दहाव्या दिवशी नऊ नंबरमध्ये शेवटची कात मिळाली. लहान होती. हातमोजा असतो तशी, उजव्या हाताची, उलटी झालेली, पाचही बोटं शाबूत, भोवरे नि रेषा जिथल्या तिथे. स्वप्नीलने तिला हात लावला नाही. तो फक्त बघत राहिला की टोकं कुठल्या दिशेला आहेत. बोटांची टोकं मागच्या झडपेकडे होती.

कातीचं टोक ज्या दिशेला, त्या दिशेला ते गेलं. त्याचा हात आत गेला होता. मग मनगटाला होता तो कुणाचा, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

घरी येऊन त्याने म्हाताऱ्यासमोर तळवा धरला. गुणाजीने टीव्हीचा आवाज कमी केला. बघितलं. मग म्हणाला, “बोटां पाच आसत मां? कापलेला नाय, मोडलेला नाय. मग गेला काय तुझा?” आणि आपल्या दहा सरळ बोटांनी त्याने चहाचा कप उचलला.

महिन्याच्या शेवटी मॅडमनी स्वप्नीलला बोलावलं. त्यांच्यासमोर हजेरीच्या यंत्राचा कागद होता. त्या दुखावल्या होत्या, चिडल्याही होत्या. तू मला सांगत होतास की यंत्र तुझा अंगठा घेत नाही, मग हे काय, असं त्यांनी विचारलं. कागदावर रोज एक नोंद होती. घाडी, स्वप्नील. आत येण्याची वेळ, दुपारी बारा. नागपंचमीपासून एक दिवस खाडा नाही, तो सुट्टीवर असतानाही. बाहेर जाण्याची नोंद एकही नव्हती. खोटेपणा करणारा माणूस त्यांना जनावरांजवळ नको होता. त्याने कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली.

प्राची अजून तिथेच आहे. मधूनमधून फोन करते, आणि आजची नोंद झाली का हे सांगते. तो विचारत नाही. आजचीही झाली आहे.

स्वप्नीलची नोकरी गेली, आणि त्याचा उजवा हात त्या वारुळात अजून कामावर आहे.